फक्त प्रोसेसर बदलायचा होता हो!

...आणि वर ती दुकानवाली म्हणते काय, 'जुळत नाही'! अहो, जुळत नाही म्हणजे काय? मी कॉम्प्युटरसाठी प्रोसेसर बघायला गेलो होतो, पोरीसाठी स्थळ बघायला नव्हतो गेलो! दोन बोटांवर मावेल एवढी चपटी चिप ती, मदरबोर्डाच्या खाचेत ठेवायची, वरून खटका दाबायचा, संपलं. पण नाही! तिचं घराणं कुठलं, पिढी कितवी, खाच कसली, टाचण्या किती... आमच्या लग्नात सासऱ्यांनी पत्रिका दाखवली तो ज्योतिषीसुद्धा एवढा खोलात शिरला नव्हता. शिरला असता तर बरं झालं असतं, असं सू-छिन, म्हणजे आमची बायको, अजून म्हणते तो भाग वेगळा. बसा, बसा, तुमची अंडापोळी टाकलीय तव्यावर. सोयादूध गरम की गार? गरम. तर तुम्हाला सांगतो, मला फक्त प्रोसेसर बदलायचा होता हो!

आता तुम्ही म्हणाल, याओशेठ, तुम्ही उजाडायच्या आत तव्यापुढे उभे राहणारे, साठीला टेकलेले, तुम्हाला कशाला हवाय गेम खेळायचा कॉम्प्युटर? अगदी बरोबर. तो माझा नाहीच. माझ्या मुलीचा, युन-जूचा. कॉलेजात असताना घेतला, नोकरी लागली थेट हॉलंडला, रॉटरडॅमला, तर कपडे नेले, सोयासॉसच्या बाटल्या नेल्या, सुकवलेले मश्रूम नेले, आणि हे धूड बांधलं माझ्या गळ्यात! म्हणाली, 'बाबा, फोनवर आपण काय बोलणार? त्यापेक्षा रविवारी गेम खेळू.' आणि खरंय हो तिचं. फोनवर आमचं बोलणं म्हणजे काय? 'जेवलीस?' 'जेवले.' 'थंडी आहे?' 'आहे.' 'बरं, आईला देतो.' खलास! पण गेममध्ये... गेममध्ये ती तलवारवाली आणि मी वैद्य. ती राक्षसाच्या अंगावर धावून जाणार आणि मी मागे उभं राहून औषध मारायचं. लागलं की औषध, लागलं की औषध. लहानपणी हिचे गुडघे फुटायचे तेव्हा तरी मी दुसरं काय करत होतो? आणि खेळता खेळता बोलते हो पोरगी! हात गुंतलेले असले ना, की माणसाचं तोंड मोकळं होतं. मी बघा, तव्यावर हात चालू आहे तर बोलतोय, नाहीतर सू-छिनला विचारा, घरात ब्र काढत नाही.

तर नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर त्या गेमवाल्यांनी गेम बदलला. पानं हलायला लागली, पाण्यात आभाळ दिसायला लागलं, आणि आमच्या मशीनला लागली धाप. युन-जू ओरडते, 'बाबा, औषध! औषध!' मी दाबतो बटण. चित्र थिजतं. वैद्याचा एक पाय वर, दाढी आडवी, जागच्या जागी पुतळा! सुटतं तोवर पोरगी आडवी पडलेली असते. मेली! गेममध्ये हो, पण बापाच्या डोळ्यांना काय कळतं? आणि मेली की ती उठते कुठे, तर डोंगराखालच्या देवळात. तिथून परत चालत यायचं, झुलता पूल ओलांडून, बांबूचं रान ओलांडून, पार वर. मीही खाली उतरतो तिला आणायला. एकटी पोर रानातून कशी येऊ द्यायची? मग आम्ही दोघं चाललोय, चाललोय, आणि ती सांगतेय, घरमालकीण कशी कचकच करते, ऑफिसात कोण काय म्हणालं, भात कसा चिकट होतो तिकडे... आणि वर पोचलो की राक्षस, पुन्हा पुतळा, पुन्हा देऊळ.

शेवटी एका रविवारी म्हणाली, 'बाबा, रागावू नका हं, पण तुमचा प्रोसेसर म्हातारा झालाय. तेवढा बदला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी अजगर मारायचाय, त्याला वैद्य वेळेवरच लागतो. नाहीतर... नाहीतर ऑफिसात तेउन आहे, तो बघेल औषधाचं.'

तेउन! कोण हा तेउन? फोटो बघितलाय मी. उंटासारखा लांब एक डच पोरगा, कच्चा मासा शेपटीला धरून तोंडात सोडतो! म्हटलं, त्याला काय जमणार? तर म्हणते, 'तो फार वेळेवर असतो, बाबा.' असेल! त्याचा प्रोसेसर नवा असेल! माझ्या पोरीला लागलं की औषध परक्या माणसाने द्यायचं? आणि मी काय करायचं रविवारी, जेवलीस का विचारायचं? त्या रात्री मला घास गेला नाही, खोटं कशाला बोलू. सकाळी दुकान आवरलं आणि तडक क्वांगहुआचा कॉम्प्युटर बाजार गाठला. म्हटलं काय मोठंसं, फक्त प्रोसेसर तर बदलायचाय!

तिथे कानताईंचं दुकान. 'या देखणे, काय देऊ?' आता बाजारात सगळ्याच पुरुषांना देखणे म्हणतात, त्यात काही अर्थ नसतो हे मलाही कळतं, तरी पहिल्यांदा ऐकलं की पाठ जरा ताठ होते. माझ्या मागे एकच दात उरलेले एक आजोबा होते, त्यांनाही 'देखणे, जरा थांबा हं'. झाली पाठ पुन्हा वाकडी. मी मोबाइलवर मदरबोर्डाचा फोटो दाखवला. कानताईंनी आधी त्यातली धूळ बघून च्च्च केलं, मग म्हणाल्या, 'हा बोर्ड जुना. आताचे प्रोसेसर याला बसत नाहीत. खाच बदलली.'

'मग जरा जुना द्या.'

'जरा जुना बसेल. खाच तीच, टाचण्या तेवढ्याच. पण बोर्ड त्याला ओळख दाखवत नाही.'

ओळख दाखवत नाही! म्हणजे मांडीला मांडी लावून बसणार आणि बोलणार नाही! असले नातेवाईक घरचेच भरपूर आहेत माझे, विकत कशाला आणू? 'मग बोर्डच बदला ना, देखणे.' बरं, बोर्ड बदलला तर? 'तर रॅम बदला, जुनी त्यात शिरत नाही.' मग? 'मग पॉवर सप्लाय, जुन्याची वायर लागत नाही.' मग? 'मग मोठा फॅन.' मग? 'मग तो या कॅबिनेटात मावत नाही, कॅबिनेट बदला.' म्हटलं, अहो ताई, मग माझं जुन्यातलं राहिलं काय? त्यांनी विचार केला हो, खरंच मान तिरकी करून विचार केला, आणि म्हणाल्या, 'बटण दाबायला तुम्ही.'

पुढच्या दुकानात गेलो, तो म्हणाला कानताईंचं ऐकू नका, आणि अक्षर न् अक्षर तेच बोलला. त्याच्या पुढचा म्हणाला, काका, त्यापेक्षा नवीन घ्या. त्याच्या पुढचा जेवत होता, त्याने नुसती जेवायची काडी हलवली. अहो, मी मागतोय काय, तुम्ही सांगताय काय! मला फक्त प्रोसेसर बदलायचा होता हो!

आणि शरम कशाची सांगू? साऱ्या जगाच्या चिपा बनतात कुठे? आमच्या या बेटावर! विमानं भरभरून जातात. आणि मला, इथल्या माणसाला, एक मिळेना! म्हणजे कोळ्याच्या आळीत राहून सुकट मिळू नये, त्यातली गत. मग आठवलं, अरे, आपला मेव्हणा! तिंग-वेई! सू-छिनचा धाकटा भाऊ, सिंचूला चिपांच्याच कारखान्यात, डॉक्टरेट झालेला, सणाला आला की सगळं घर त्याच्याभोवती. लावला फोन. म्हटलं, तिंग-वेई, माझ्या बोर्डाला कुठला प्रोसेसर जुळेल रे?

'दाजी... मी धुतो.'

काय धुतोस?

'चकत्या. ज्या चकतीवर चिपा बनतात ना, ती एका थरानंतर धुवायची असते. तो टप्पा माझा. पुढे तिचं काय होतं, मला कल्पना नाही.'

अरे, मग थराआधीचं तरी सांग! 'ते दुसऱ्या इमारतीत, दाजी.' बरं, तुझ्या घरी कॉम्प्युटर असेल की, तो कसा आहे? 'लॅपटॉप आहे. तो उघडायची मला भीतीच वाटते.' घ्या! एवढं शिकलेला माणूस, आणि करतो काय, तर धुणं! सू-छिन लगेच आतून, 'माझ्या भावाला काही बोलायचं नाही. आणि एवढीच हौस असेल तर आधी तुमच्या कमरेचा प्रोसेसर बदला.' तुमच्या अंडापोळीत तिखट घालू ना? घातलं.

पुन्हा कानताई. मी बहुतेक फारच केविलवाणा दिसत असणार, कारण या खेपेला देखणे म्हणाल्या नाहीत. खालचा खण ओढला, चार डबे उलटेपालटे केले, आणि एक चिप काढली. 'हा घ्या. तुमच्या जुन्याच घराण्यातला, सगळ्यात थोरला भाऊ. बोर्ड याला ओळखतो. कोणीतरी वापरलेला आहे, आणि स्वभावाने जरा तापट आहे, एवढंच.' म्हणजे बिजवर, आणि वर तापट! पण अजगर चार दिवसांवर आलेला, कोण नखरे करतोय? घेतला.

शनिवारी दुकान बंद केलं आणि तिंग-वेई आला बसवायला. बहिणीने हुकूम सोडला होता ना. पांढरे हातमोजे, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क! अरे, म्हटलं, तू माझा प्रोसेसर बदलतोयस की किडनी? पण हात हलका हो पोराचा. जुना काढला, नवा ठेवला, खटका दाबला. वर ती उष्णता काढून नेणारी पेस्ट लावायची असते, ती मी लावली. जन्मभर पोळ्यांना सॉस फासलाय, ते मला कोण शिकवणार! बटण दाबलं. सुरू! बोर्डाने ओळखलं! मी तिंग-वेईला मिठी मारणार, तोच... फप्प. बंद. पुन्हा लावलं, पुन्हा जरा चाललं, पुन्हा फप्प.

कानताईंना फोन. त्यांचा पहिला प्रश्न काय? वायर बघा? फॅन बघा? छे! 'पुडी ठेवलीय ना?' ठेवलीय. 'हिरवी?' हिरवी. 'तारीख?' आहे अजून. 'मग मला काय कळत नाही बाई.'

तीच हो ती पुडी, मक्याच्या कुरकुऱ्यांची, जिचं नावच मुळी 'शहाण्यासारखं वाग बाळा'! बँकेत बघा, इस्पितळात बघा, जिथे जिथे मशीन तिथे वर हिरवी पुडी, म्हणजे मशीन शहाण्यासारखं वागतं. हिरवीच! पिवळी ठेवलीत तर मशीन रुसतं, लाल ठेवलीत तर बघायलाच नको, आणि तारीख उलटलेली म्हणजे तर घातच. तिंग-वेई म्हणतो, त्यांच्या कारखान्यात एका नवख्याने भूक लागली म्हणून एक फोडली, तर त्या पाळीतलं कोणीही त्याच्याशी आठवडाभर बोललं नाही. आमच्या मशीनवरची युन-जूने ठेवलेली. विमानतळाला निघाली, दारातून परत आली, ती पुडी कॅबिनेटच्या वर बरोब्बर मधोमध ठेवली आणि म्हणाली, 'बाबा, ही इथून हलवायची नाही, मी येईपर्यंत.' मी तारीख संपायच्या आत नवी आणतो, पण जागा तीच. आणि नंतर नंतर म्हटलं एकटी कशी पुरेल, जग केवढं मोठं, हॉलंड केवढं लांब... दुसरी ठेवली. मग तिसरी.

तर तिंग-वेईने हातमोजा काढला, हात कॅबिनेटवर ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. 'दाजी, याला वर जाळी आहे.'

असेल.

'गरम हवा जाळीतून बाहेर पडते.'

पडू दे की!

'जाळीवर पुड्या आहेत, दाजी. हवा आतच कोंडते. गरम झाला की प्रोसेसर आपोआप हळू होतो. नवा तापट, म्हणून हा बंदच पडतोय.' मग डोक्यावरची टोपी काढली. 'जुनासुद्धा... जुनासुद्धा पळाला असता तसा.'

म्हणजे?! म्हणजे मी आख्खा बाजार पालथा घातला, देखणे म्हणवून घेतलं, बिजवर घरात आणला... म्हटलं, मग काढ पुड्या. तिंग-वेई दोन पावलं मागे. 'मी? मी नाही हात लावणार. सोमवारी मला कारखान्यात जायचंय.' डॉक्टरेट! कानताई फोनवर अजून होत्याच, त्या म्हणाल्या, 'मला तर विचारूच नका, देखणे, माझं दुकान आहे.' आणि मी? पोरगी म्हणाली होती, मी येईपर्यंत. बापाने हलवायची ती? पुडी राहिली तर मशीन बंद, मशीन बंद तर उद्या तेउन, आणि पुडी काढली तर... माझ्याच्याने काही होईना. नुसता बघत बसलो.

शेवटी सू-छिन आली. बघितलं आमच्याकडे, आत गेली, बांबूचं मोदकपात्र... आपलं ते हो, भरलेले पाव उकडतो ती जाळीची टोपली आणली, पालथी घातली कॅबिनेटवर, आणि तिच्यावर तिन्ही पुड्या, मधोमध, होत्या तशा. 'जन्म वाफेवर गेला दोघांचा,' म्हणाली, 'आणि वाफ कुठून निघते ते कळेना.'

रविवार उजाडला. आणि काय सांगू तुम्हाला, मशीन पळतंय! पानं हलताहेत, आभाळ दिसतंय, वैद्याची दाढी वाऱ्यावर! 'बाबा, औषध!' हे घे. 'बाबा!' हे घे. पोरीच्या अंगाला ओरखडा नाही. अजगर म्हणता म्हणता गपगार! युन-जू नुसती किंचाळतेय, 'बाबा, केवढे फास्ट झालात! तेउनपेक्षा फास्ट!' ऐकलंत? तेउनपेक्षा! माझा ऊर असा... आणि मग म्हणाली, 'मस्त! चला, भेटू पुढच्या रविवारी.' गेली. माझा चहा अजून वाफाळत होता.

पुढचा रविवार, तसंच. राक्षस आला, औषध, औषध, राक्षस गेला, 'बाय बाबा'. ती मरतच नाही हो! आणि मरत नाही म्हणजे देऊळ नाही, पूल नाही, बांबूचं रान नाही, आणि ती घरमालकीण मेली का जिवंत आहे तेही मला कळत नाही. सगळी दुपार मोकळी. मी पडद्यासमोर बसून राहिलो, वैद्य एकटाच डोंगरावर उभा, दाढी उडतेय. डोळ्यांत पाणी आलं, आता काय लपवायचं. एवढं सगळं जुळवून आणलं, आणि जे जुळलेलं होतं तेच गेलं. मला फक्त प्रोसेसर बदलायचा होता हो...

मग परवाच्या रविवारी, सू-छिन बाजारात गेल्यावर, मी टोपली काढली. पुड्या पुन्हा जाळीवर. पण सगळी जाळी झाकून नाही हं, नाहीतर तो तापट बंदच पडायचा. जरा तिरक्या, एका कोपऱ्यातून वाफ जाईल अशा. मंद आच किती ठेवायची, झाकण किती सरकवायचं, हे मला कोण शिकवणार? 'बाबा, औषध!' मी दाबलं बटण. वैद्याचा एक पाय वर. दाढी आडवी. मेली बिचारी!

मला आधी वाटलं, आता चिडते. आता तेउनला बोलावते. तर एक लांब श्वास ऐकू आला, आणि म्हणाली, 'परत अडकलं का, बाबा?' म्हटलं, अडकलं गं. काय करणार, म्हातारं मशीन. 'बरं, या खाली. चालत जाऊ.' उतरलो, देवळापाशी भेटलो, निघालो. पूल ओलांडला. बांबूचं रान आलं तशी म्हणाली, 'बाबा, बरेच दिवस सांगायचं होतं, पण वेळच मिळेना. तो तेउन आहे ना... तो नुसता ऑफिसातला नाहीये. म्हणजे ऑफिसातला आहे, पण...' मग अगदी बारीक आवाजात, 'बाबा, जुळेल ना?'

आता सांगा! महिनाभर आख्ख्या बाजाराने मला ऐकवलं काय जुळत नाही. खाच वेगळी, घराणं वेगळं, बोर्ड ओळख दाखवत नाही, एक बदललं की सगळं बदलावं लागतं... आणि इथे? सात समुद्रांपलीकडचा, कच्चा मासा गिळणारा, दारात वाकून यावं लागेल एवढा उंच! त्याला कोणाचा सल्ला घेऊ, कानताईंचा? माझा हात बटणावरून सुटला, वैद्याचा रानातच पुन्हा पुतळा. ती म्हणतेय, 'बाबा? परत अडकलं का?' म्हटलं, नाही नाही, चालू आहे. वर मशीनकडे बघितलं. धापा टाकतंय, तापलंय, पण चाललंय आपलं शहाण्यासारखं.

म्हटलं, पत्ता पाठव त्याचा, एक पुडी धाडतो. म्हणाली, 'कुरकुरे? खाईल तो, त्याला काहीही आवडतं.' म्हटलं, खायची नाही म्हणावं! डोक्यावर ठेवायची. आणि हलवायची नाही, मी येईपर्यंत.

...तुमची अंडापोळी जरा लागली खालून, चालेल ना?